कचऱ्याचं गिऱ्हाईक

बेळगावात शहापूरच्या आमच्या घरी कचऱ्याचा डबा नव्हता. थोरल्या काकूच्या राज्यात त्याची गरजच पडायची नाही. चुलीतली राख भांडी घासायला, नारळाची शेंडीही त्याच कामाला. भाजीचे देठ, केळीच्या साली, तांदूळ धुतलेलं पाणी आणि ताटातलं उरलंसुरलं मागच्या परड्यात दगडी डोणीत जमायचं. संध्याकाळी गवळ्याचा पोरगा येऊन ते म्हशीसाठी बादलीभर घेऊन जायचा आणि म्हैस व्याली की काकू त्याच्याकडून चीक हक्कानं मागून घ्यायची. औषधाची रिकामी बाटली धुऊन, उन्हात वाळवून फळीवर ठेवलेली असे, कारण बाटली नेली नाही तर कंपाउंडर मिक्श्चर न देता परत पाठवायचा. बाबुराव ठाकुरांनी १९१९ साली काढलेला 'तरुण भारत' आमच्याकडं एकदा वाचून संपत नसे. आजोबा वाचायचे, मग आम्ही वह्यांना कव्हरं घालायचो, उरलेला गठ्ठा महिन्याअखेरीस वाण्याकडं जायचा आणि आठवड्याभरात जिऱ्या-मोहरीच्या पुड्या होऊन परत घरी यायचा. जुनी लुगडी वाकळेत जात, जरीचे काठ बोहारणीकडं, फुटकं पितळ मोडीत. आमच्या गल्लीत मागांची खडखड दिवसभर चालायची. शहापूर, वडगाव, खासबाग हा विणकरांचाच पट्टा. मागाखाली पडलेला सुताचा गुंतासुद्धा कुणी झाडून टाकत नव्हतं. तो गोळा करून गॅरेजवाल्यांना हात आणि यंत्रं पुसायला विकला जाई.

थोडक्यात, प्रत्येक टाकाऊ वस्तूला गिऱ्हाईक होतं, आणि ते गिऱ्हाईक आम्हाला तोंडओळखीनं माहीत होतं. वस्तू वेगवेगळ्या ठेवायच्या त्या एवढ्यासाठी. त्याला कुणी वर्गीकरण म्हणत नव्हतं. बोहारणीच्या गाठोड्यात राख घालून चालणार आहे का?

आम्ही म्हणजे साधारण १९५५ ते ६५ च्या दरम्यान जन्मलेली, एका घरात वाढलेली चुलत भावंडं, आणि सुट्टी लागली की निपाणीहून येणारी आत्तीची पोरं. १ नोव्हेंबर १९५६ ला आमची गावं म्हैसूर राज्यात गेली, आमच्यातली थोडी त्याआधी जन्मली, बाकीची नंतर. घरात त्यावरून वाद घालायला विषय कधी कमी पडला नाही. पण तो वेगळा लेख होईल.

निपाणीला आत्तीचं घर तंबाखूच्या वखारीला लागून. तिथं गेलं की पहिले दोन दिवस शिंकण्यात जायचे. समोरच्या घरांतून बायका दारात बसून बिड्या वळायच्या. पत्र्याचा साचा तेंदूच्या पानावर ठेवायचा, कात्रीनं कापायचं, चिमूटभर जर्दा, दोरा, की झाली बिडी. साच्याबाहेरची जी कातरण उरे तिचे बोचके आत्तीकडं यायचे, आणि न्हाणीतला बंब सकाळी त्याच्यावर पेटायचा. बंबाच्या धुराला एक तुरट वास असे, तो आमच्यातल्या कुणालाही आजसुद्धा डोळे मिटून ओळखता येईल. वखारीत झाडून उरलेला गर्दा पाण्यात भिजवून त्याचं पाणी आत्ती दोडक्याच्या वेलावर मावा पडला की शिंपडायची. मावा जायचा. ती नंतर साबणानं कोपरापर्यंत हात धुवायची आणि आम्हाला वेलाजवळ फिरकू द्यायची नाही.

हे सगळं आठवताना जीभ गोड होते, म्हणून एक गोष्ट इथंच सांगून टाकावी. त्याच वखारीत बायका तोंडाला फडकं बांधून दिवसभर तंबाखू चाळायच्या, निवडायच्या. खऱ्या अर्थानं वर्गीकरण करणाऱ्या त्या. त्यांच्या फुप्फुसात जे जात होतं त्याचा हिशेब आमच्या काटकसरीच्या गोष्टीत येत नाही. देवचंद कॉलेजचे प्राध्यापक सुभाष जोशी यांनी या बायकांची संघटना बांधली, पुढं ते निपाणीचे आमदारही झाले. १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू शेतकऱ्यांचं आंदोलन पेटलं, रस्ता अडवला गेला, एप्रिलमध्ये गोळीबार झाला, शेतकरी मेले. तेव्हा आत्तीचा धाकटा कॉलेजात होता. आंदोलनाची पत्रकं गठ्ठ्यानं घरी आली. एका बाजूला छापलेली, दुसरी बाजू कोरी. आत्तीनं ती दाभणानं शिवून त्याची कच्ची वही केली. त्या वहीत त्यानं अकाउंटन्सीची गणितं सोडवली, मागच्या पानावर घोषणा आणि पुढच्या पानावर ताळेबंद.

पाठकोरे कागद हा आमच्या कॉलेजच्या दिवसांचा पायाच म्हणावा लागेल. आमच्यातली कुणी लिंगराजला, कुणी आरपीडीला, मी जीएसएसला. टिळकवाडीत आरपीडी आणि जीएसएस एकमेकांना इतकी जवळ की एका कँटीनला गर्दी असली की दुसऱ्याकडं जाता यायचं. ऑफिसात सायक्लोस्टाइलवर परिपत्रकं निघायची, त्यातली निम्मी शाई सांडून खराब व्हायची. ती शिपाईमामा बाजूला काढून ठेवायचे. स्टाफरूममधली रद्दी ही त्यांचीच असा अलिखित करार होता आणि त्यात कुणी हात घातलेला त्यांना खपायचा नाही. पण एखाद्या गरीब पोराला, 'घे रं, पाठकोरं हाय,' म्हणून गठ्ठा देतानाही आम्ही त्यांना पाहिलेलं आहे. कँटीनला चहा काचेच्या पेल्यात. गोल्डस्पॉटची बाटली आवाराबाहेर नेली तर मालक मागं पळत यायचा, कारण क्रेटमधली एक बाटली कमी भरली तर एजंट त्याच्याकडून पैसे कापून घ्यायचा. पेन शाईचं, नाहीतर बॉलपेन. त्यातलीही रिफिल बदलायची, पेन तेच. केमिस्ट्रीच्या प्रयोगशाळेत दाराशी एक लाकडी खोकं होतं, त्यावर खडूनं 'काच' लिहिलेलं. फुटकी टेस्टट्यूब त्यातच गेली पाहिजे, केराच्या टोपलीत सापडली तर ज्या बाकावर फुटली त्या बाकावरच्या सगळ्यांना दंड. 'झाडणाऱ्या बाईच्या हाताला लागली तर तुम्ही येणार आहात का झाडायला?' असं सर विचारायचे. कचरा वेगळा करण्यामागचं इतकं नेमकं कारण पुढच्या आयुष्यात आम्हाला कुठल्याही फलकावर वाचायला मिळालं नाही.

सगळ्यात मजेदार हिशेब होता इंजिनिअरिंगवाल्या भावाचा. गोगटे इन्स्टिट्यूट १९७९ साली निघालं आणि आमच्या पिढीतल्या शेंडेफळाला तिथं प्रवेश मिळाला. वर्कशॉपमध्ये पोरं लोखंडाचा तुकडा कानशीनं घासून घासून चौकोनी करायची, परीक्षा झाली की तो 'जॉब' भंगारात. त्याचा जॉब कधीच काटकोनात यायचा नाही. पण कॉलेज उद्यमबागेत आणि उद्यमबाग म्हणजे फाउंड्र्यांची वस्ती. भंगार क्युपोलाच्या भट्टीत कोक आणि पिग आयर्नबरोबर वितळतं आणि पंपाची, मोटारीची बॉडी होऊन बाहेर पडतं. 'माझा वाकडा जॉब शेतकऱ्याच्या विहिरीवर पाणी ओढायलाय,' असं तो घरी छाती फुगवून सांगायचा. काका म्हणायचे, 'म्हणूनच पंप बंद पडतोय बघ.'

आजोबांची एक ठरलेली गोष्ट होती, आणि ती सांगताना ते उगाच आवाज खाली आणायचे. डिसेंबर १९२४ मध्ये टिळकवाडीत काँग्रेसचं अधिवेशन भरलं. गांधीजी अध्यक्ष. उभ्या आयुष्यात काँग्रेसच्या अधिवेशनाचं अध्यक्षपद त्यांनी घेतलं ते एकदाच, आणि ते आमच्या गावात, याचा अभिमान बेळगावात घरोघर होता. आजोबा तेव्हा शाळकरी, ते बघायला गेले ते भाषण नव्हे. काकासाहेब कालेलकरांच्या देखरेखीखाली सफाईचं पथक होतं आणि त्यात ब्राह्मणांची पोरं संडास साफ करत होती. आजोबांच्या वडिलांनी हे ऐकल्यावर घरात दोन दिवस अबोला धरला म्हणे. अधिवेशनासाठी खोदलेली विहीर अजून आहे, काँग्रेस विहीर म्हणूनच ओळखली जाते.

पण त्या अधिवेशनानंतर अर्धशतक उलटत आलं तरी आमच्या गल्लीच्या मागच्या बोळात टोपलीचे संडास होते. पुढच्या दारी बोहारीण, वाणी, गवळी यांच्याशी घासाघीस, चहा, विचारपूस. मागच्या दारी येणाऱ्या बाईचं नाव आमच्यातल्या एकालाही आठवत नाही. आम्ही भावंडांनी एकदा मिळून आठवायचा प्रयत्न केला. बोहारणीचं नाव आठवलं, तिच्या मुलीचं आठवलं, हिचं नाही. सत्तरच्या दशकात देवराज अरसांच्या मंत्रिमंडळातले बी. बसवलिंगप्पा यांनी डोक्यावरून मैला वाहून न्यायला बंदी आणली आणि पुढं बोळात सेप्टिक टँक आले. आजी मात्र बोळाकडचं दार त्यानंतरही बंदच ठेवायची. जुन्या काळी सगळं कसं नीट जागच्या जागी जायचं, असं आमच्यातलं कुणी म्हणायला लागलं की आक्का एवढंच म्हणते, 'कुणाच्या डोक्यावरनं जायचं ते पण सांग की.'

ही आक्का आमच्यातली सगळ्यात मोठी. वनस्पतिशास्त्र शिकवायला एका कॉलेजात लागली आणि तिथूनच निवृत्त झाली. एनएसएसच्या शिबिरात खेड्यावर पोरांना घेऊन जायची, कंपोस्टचे खड्डे खणून घ्यायची. आपल्या आवारात मात्र रोज सकाळी गुलमोहराचा आणि निलगिरीचा पाला गोळा करून शिपाई पेटवून देतात हे तिला सलत होतं. पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांड्यांनी, म्हणजे नाडेपकाकांनी, खत करायच्या हौदाची जी पद्धत काढली ती तिनं कृषी खात्याच्या पत्रकात वाचली. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच. विटांच्या भिंतीत हवेसाठी भोकं सोडायची. पाला, वर शेणकाला, वर माती, असे थर देत जायचे, वरून लिंपून टाकायचं, तीन-चार महिन्यांनी खत. गवंडी म्हणाला, 'बाई, भोकं ऱ्हायली तर पानी गळंल की.' त्याला तो पाण्याचा हौद नाही हे पटवण्यात एक सकाळ गेली.

हौद चालला. पहिल्या खेपेचं खत काळंभोर, हाताला मऊ, वास पावसाच्या मातीचा. खरी गोष्ट पुढं काही वर्षांनी घडली. तोवर कँटीनमधले काचेचे पेले जाऊन कागदी कप आले होते. कागद आहे, कुजेल, अशा हिशेबानं शिपाई ते हौदात टाकू लागले. खत चाळायला काढलं तेव्हा चाळणीवर विचित्र वस्तू उरल्या. कपाचा कागद कुजून गेलेला, पण आतलं प्लॅस्टिकचं पातळ अस्तर जसंच्या तसं, कपाच्याच आकाराचं, पारदर्शक. आक्कानं ती अस्तरं धुतली, एकात एक घालून प्राचार्यांच्या टेबलावर ठेवली. कागदी कप ओल्यातही बसत नाही, सुक्या कागदातही नाही. रद्दीवाला तो घेत नाही, कारण अस्तर सोडवायचं काम कागदाच्या साध्या गिरणीत होत नाही. आमच्या घरात अशी वस्तू कधी आलीच नव्हती जिला कुणीही गिऱ्हाईक नाही. एकामागून एक त्या आल्या. चकचकीत पुड्या, आतून रुपेरी बाहेरून रंगीत. वापरून फेकायची पेनं, ज्यांची रिफिल मिळतच नाही. शाम्पूच्या चिमटीएवढ्या पुड्या. हॉस्टेलच्या मागं हे सगळं वाऱ्यावर उडायला लागलं, आणि त्याचा माग काढत कुणी पोतं घेऊन येईना.

मग नियम आले. घनकचरा व्यवस्थापन नियम २०१६ नुसार ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग मुळातच वेगळे करायचे होते. ज्या संस्थेचं आवार ५,००० चौरस मीटरहून मोठं तिनं ओल्याचं खत किंवा गॅस शक्य तोवर आवारातच करायचा, सुका अधिकृत वेचकांकडं वा पुनर्वापर करणाऱ्यांकडं द्यायचा. चांगला नियम होता. पण कॉलेजांना तो खऱ्या अर्थानं कळला तो कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या सातव्या निकषातून, जिथं कचऱ्याचं काय करता हा प्रश्न यायचा आणि फोटो जोडावे लागायचे. आमच्या घरात आता पुढच्या पिढीतले तिघं-चौघं वेगवेगळ्या कॉलेजांत शिकवतात. नॅकची समिती यायच्या आधी हिरव्या-निळ्या डब्यांना रंग कसा लागतो याच्या कहाण्या दिवाळीला ऐकायला मिळतात. एका ठिकाणी म्हणे निळ्या डब्यात पोरांनी काही टाकू नये म्हणून पाहुणे जाईपर्यंत शिपाई शेजारी उभा होता. पाहुणे गेले, संध्याकाळी घंटागाडी आली, हिरवा आणि निळा दोन्ही एकाच हौद्यात उलटे झाले. पोरं ते रोज बघतात. ती मूर्ख नाहीत. वेगळं करून दिलेलं पुढं एकत्र होणार हे एकदा कळलं, की कुठल्याही रंगाचा डबा त्यांना सारखाच. आणि मग ते सगळं तुरमुरी गावच्या कचरा डेपोवर, जिथल्या गावकऱ्यांनी बेळगावच्या कचऱ्याविरुद्ध आवाज उठवून झाला आहे.

निपाणीकडं तर आणखी गंमत. देवचंद कॉलेज अर्जुननगरला, म्हणजे कागल तालुक्यात, महाराष्ट्रात. पत्त्यात मात्र 'व्हाया निपाणी'. विद्यापीठ शिवाजी, पोरं निम्मी कर्नाटकातली. कर्नाटकानं मार्च २०१६ मध्ये प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली, महाराष्ट्राची बंदी जून २०१८ ला अमलात आली. मधली दोन वर्षं आत्तीची नात निपाणीच्या बाजारातून कापडी पिशवीत वस्तू घ्यायची आणि कॉलेजजवळच्या गाड्यावर तिला कॅरीबॅग मिळायची, अगदी कायदेशीर. सीमाप्रश्नात आमच्या घरानं इतकी वर्षं घालवली, पण सीमेचा असा उपयोग कुणाच्या ध्यानात आला नव्हता.

गिऱ्हाईक असलं की काय होतं ते आम्ही दोन ठिकाणी पाहिलं. एक पुण्यात. एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षणाच्या कामातून पौर्णिमा चिकरमने आणि लक्ष्मी नारायण कचरावेचक बायकांपर्यंत पोचल्या, १९९३ साली बाबा आढावांच्या साथीनं कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. पुढं त्यातूनच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था निघाली. आमची पुण्याची चुलत बहीण तेव्हा तिथंच शिकत होती. तिच्या सांगण्यात एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. दारातून वेगळा करून दिलेला सुका कचरा हातात आला की बाईला उकिरड्यात वाकावं लागत नाही, आणि त्याच कागदाला भावही बरा येतो, कारण तो खरकट्यानं माखलेला नसतो. दुसरं ठिकाण वेंगुर्ला. आंबोली उतरून गेलं की आमचं लहानपणापासूनचं समुद्राचं गाव. मुख्याधिकारी रामदास कोकरे तिथं होते तेव्हा डंपिंगच्या जागी बाग झाली. ओल्याचा बायोगॅस, प्लॅस्टिकचा चुरा डांबरात घालून रस्ते, आणि घराघरांतून वेगळं केलेलं घ्यायची शिस्त. आम्ही भावंडं मुद्दाम गाडी करून बघून आलो. समुद्र सोडून कचरा बघायला जाणारी माणसं, म्हणून ड्रायव्हर वाटभर आरशातून बघत होता.

या दिवाळीत भाचीनं तिच्या कॉलेजचं सांगितलं. तिनं हॉस्टेलच्या मुलींना घेऊन निळा डबाच काढून टाकला. त्याऐवजी चार पोती टांगली, आणि पोती टांगण्याआधी फाटकाजवळच्या भंगारवाल्याला जाऊन विचारून आली की बाबा, तुला काय काय पाहिजे. पांढरा कागद वेगळा, वर्तमानपत्र वेगळं, पुठ्ठा वेगळा, पाण्याच्या बाटल्या झाकण काढून. दुधाच्या पिशव्या धुऊन वाळवल्या असतील तरच, आणि कोपरा पूर्ण कापून टाकायचा नाही, चीर द्यायची, नाहीतर तो चिमूटभर तुकडा कायमचा हरवतो. कँटीनवाल्याला काचेचे पेले परत आणायला लावले, धुणाऱ्या बाईचा पगार वाढवून. हे ऐकून थोरली काकू असती तर तिनं विचारलं असतं की यात नवीन काय. नवीन आहे ते इतकंच की मुली पैसे मोजून घेतात आणि फलकावर लिहितात.

दोन गोष्टी अडल्या आहेत. जुने संगणक, ते फुगीर मॉनिटर, एका खोलीत छतापर्यंत रचलेले. ई-कचरा अधिकृत ठिकाणी द्यायला कुणाची ना नाही, पण ते डेड स्टॉक रजिस्टरवर आहेत आणि कॉलेजच्या समितीनं राइट ऑफ केल्याशिवाय हलवता येत नाहीत. समितीची बैठक गणसंख्येअभावी होत नाही. दुसरी, प्रयोगशाळेची काच. भंगारवाला बाकी सगळं नेतो, काचेला हात लावत नाही. 'काच नको आक्का,' तो भाचीला म्हणाला, 'वजनाला जड, भावाला हलकी, आणि हात कापून घ्यायला मीच.' तेव्हा काचेची खोकीही मॉनिटरांच्या खोलीत गेली. त्या खोलीची किल्ली प्रयोगशाळेकडं असावी की ऑफिसकडं, यावर सध्या दोन्ही खात्यांत पत्रव्यवहार चालू आहे, आणि तो पाठकोऱ्या कागदावर करावा असं परिपत्रक निघालंय म्हणे.